दौंडच्या पेढीवरची रोमन नाणी

शकुंतलाबाई ओव्हाळ यांची माझी पहिली भेट शिरूरच्या महाविद्यालयात, इतिहासाच्या तासाला झाली. रोमन नाण्याचे छायाचित्र माझ्या हाती देऊन त्यांनी विचारले, "काय दिसतं?" मी पाठ केलेली माहिती सांगू लागलो. "माहीत असलेलं नंतर. आधी दिसतं ते सांगा," बाई म्हणाल्या. विद्यार्थ्यांनाही त्या 'अहो' म्हणत. कारेगावला कंपनीत सेकंड शिफ्ट करून शिकणाऱ्या आम्हां काही जणांसाठी त्या रविवारी वेगळा तास घेत आणि येताना डबा मुद्दाम मोठा आणत.

बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त लिहायला बसलो, तर दौंडची ती दुपारच डोळ्यांपुढे येते.

राहू गावच्या दोन भावांना शेततळे खोदताना सोन्याची नाणी सापडली. धाकटे रामभाऊ ती वितळवायला दौंडच्या सोनाराकडे घेऊन गेले. थोरल्या आप्पांनी मागोमाग धाव घेतली आणि जुन्या नाण्यांच्या जाणकार म्हणून ऐकलेल्या बाईंना वाटेतूनच फोन केला. बाई आणि मी पेढीवर पोचलो तेव्हा भट्टी पेटलेली होती, सोने वितळवायची मूस लाल झाली होती. दारात भाऊबंद जमले होते.

"मॅडम, ह्याच्यावर लक्ष्मी हाय ना?" आप्पा काकुळतीने म्हणाले. "सांगा ह्याला. देवी वितळवली तर घराला पाप लागंल."

रामभाऊंचा हात थबकला. बाईंनी नुसते 'हो' म्हटले असते, तरी नाणी वाचली असती. "बाई, हो म्हणा," मी कुजबुजलो.

त्यांनी एक नाणे भिंगाखाली धरले. बसलेली स्त्री, एका हातात लांब दंड, दुसऱ्यात डहाळी.

"नाही आप्पा, ही लक्ष्मी नाही. रोमची शांतिदेवता असावी. काही जण म्हणतात, राजाची आई."

"मंग झालं तर!" रामभाऊंनी नाणे काढून घेतले आणि ते भट्टीकडे वळले. बाई मध्ये जाऊन उभ्या राहिल्या. धग त्यांच्या पाठीला लागत होती.

"रामभाऊ, दुसरी बाजू बघा. राजाच्या गालावर चीर आहे. फार जुनी आहे. सोनं खरं की खोटं हे बघायला बहुधा इकडच्याच कुणीतरी मारली. त्यानं नुसतं चिरून पाहिलं, वितळवलं नाही. आणि मी सरकारला कळवणार, तेही आत्ताच सांगते."

"बाईला बाहेर काढा रे!" दारातून कोणी ओरडले. बाई हलल्या नाहीत. रामभाऊ त्या चिरेवरून नख फिरवत राहिले.

"हितलाच माणूस, व्हय?"

"बहुधा. खात्रीनं नाही सांगता येत."

"लक्ष्मी म्हनला असता, तर मी गप बसलो असतो."

"माहीत होतं मला."

रामभाऊंनी नाणे पुन्हा बाईंच्या हातात दिले. मग सोनाराला म्हणाले, "इझवा भट्टी."

त्याच दुपारी दोघा भावांनी नाणी तहसील कार्यालयात जमा केली. परतताना गाडीत बाईंनी पाण्याची बाटली एका दमात संपवली. "भीती वाटली?" मी विचारले.

"खूप. पण खोटं सांगून वाचवलेल्या नाण्याबद्दल वर्गात काय शिकवणार होते मी?"

बाई, आपणांस उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि आपले दुखरे गुडघे लवकर बरे होवोत. शेततळ्याच्या कडेला आता जुन्या भांड्यांची खापरे निघू लागली आहेत आणि रामभाऊंनी खोदकाम थांबवले आहे. परवा फोनवर म्हणाले, "मॅडम आल्याबिगर फावडं लावायचं न्हाई."