झटपटच्या बायकोचा फोटो

झटपटने मरणाच्या दारात असलेल्या बायकोचा चेहरा फोटोतून खरवडून काढला, अशी कुजबुज आमच्या गल्लीत बरेच दिवस चालली होती. कुजबुज आपलं म्हणायचं. इस्त्रीवाली कुजबुजली की चौकातल्या पोलिसालाही ऐकू जायचं. कारण मात्र ज्याचं त्याचं वेगळं. औषधवाला म्हणायचा, जुना राग असणार. शिंप्याची बायको म्हणायची, राग कसला, संशय! संशय कुणावर, असं विचारलं की ती आपल्याच नवऱ्याकडे बघायची. आणि तो बिचारा शिंपी, ज्याला सुईत दोरा ओवायलासुद्धा दुसऱ्याचे डोळे लागायचे, तो मान खाली घालून काजं करत बसायचा. मनातून थोडा सुखावलाही असेल. त्या वयात असा आळ फुकट कुणाला मिळतो?

झटपट म्हणजे आमचा फोटोवाला. एका बाजूला कुलूपवाला, दुसऱ्या बाजूला औषधांचं दुकान, मध्ये याची चिंचोळी खोली. खोलीच्या मागे पडदा, पडद्यामागे संसार. हे नाव त्याला कॅमेऱ्यामुळे पडलं. कॅमेरा इन्स्टंट. बटण दाबलं की घर्र करून पोटातून फोटो बाहेर यायचा, खाली रुंद पांढरी पट्टी असलेला, आणि बघता बघता हिरवट धुक्यातून माणूस वर यायचा. बाकी स्वतः फोटोवाला महासंथ. जेवायला बसला की बरोबरचे हात धुऊन, एक डुलकी काढून परत यायचे तरी याचा शेवटचा घास राहिलेला. लग्नही इतक्या उशिरा केलं की मुलीकडच्यांनी याला बघून 'मुलगा कुठाय?' असं विचारलं म्हणतात. म्हणतात म्हणजे मीच म्हणतो, पण अजून कुणी खोडून काढलेलं नाही.

बायको ठेंगणी, गुबगुबीत आणि गालांची. हसली की डोळे गालांत बुडून जायचे. गल्लीने तिला झटपटीण म्हणायला सुरुवात केली तेव्हा ती रागावली नाही, उलट कुणी नुसतं वहिनी म्हटलं तर म्हणायची, "अहो, पूर्ण नाव घ्या की!"

ओळखपत्रासाठी फोटो काढणारे काय, गल्लोगल्ली होते. झटपटकडे लोक लांबून येत ते वेगळ्याच कामासाठी. हा फोटो बाहेर आला तरी त्याच्या आतला रंगाचा थर काही वेळ मऊ असतो. वरच्या प्लास्टिकवरून बोथट काहीतरी दाबून फिरवलं की आतला रंग सरकतो. झटपटने लोकरीची एक सुई घासून घासून बोथट करून ठेवली होती. तिने तो मागच्या भिंतीचं पाणी करायचा, झाडाच्या ज्वाळा करायचा. कुणाचे केस वाऱ्यावर सोडायचा. ज्याला केस नाहीत त्याला नुसता वारा द्यायचा. बँकेतल्या साहेबांच्या दोन हनुवट्या होत्या, त्यातली एक त्याने काढून घेतली, तेव्हा साहेब आठवडाभर काउंटरवरच्या लोकांशी गोड बोलत होते. याला झटपट 'हात फिरवणं' म्हणे. फोटो सगळेच काढतात, म्हणायचा, आपण थोडा हात फिरवतो.

पण या फोटोचं एक आहे. त्याला निगेटिव्ह नसते. जो निघाला तो एकच. गिऱ्हाईक घेऊन गेलं की संपलं. त्यामुळे आयुष्यभर फोटो काढणाऱ्या या माणसाच्या घरात फोटो होते ते फक्त बायकोच्या हातांचे. फिल्मची नवीन डबी उघडली की रंग तपासायला पहिला फोटो तो घरातच काढायचा. "अगं, जरा हात धर," म्हणायचा, आणि ती पोळपाटावरून उठून पिठाचा हात समोर धरायची. तिचे बांगड्या घातलेले हात, भाजलेला अंगठा, कोपर, सगळं होतं. चेहरा नव्हता. लग्नातला एक फोटो होता, पण नेमकी त्या क्षणी ती शिंकली होती आणि तोंडासमोर रुमाल होता. चेहऱ्याचा काढू म्हटलं की ती म्हणायची, "माझ्यावर कशाला फिल्म वाया घालवता? गिऱ्हाईक बघा." आणि हा म्हणायचा, "बरं, उद्या." संथ माणसाचा उद्या फार लांब असतो.

मग ती फिल्म यायची बंद झाली. कारखान्याने बनवणंच सोडलं. झटपटने हातातल्या डब्या गिऱ्हाइकांवर संपवल्या आणि शेवटची एक फ्रीजमध्ये, अगदी मागे, दडवली. पुढे दुकान साध्या डिजिटल कॅमेऱ्यावर चालू राहिलं, पण त्यातल्या फोटोवर हात फिरवता येत नाही, आणि तो गिऱ्हाइकांना फोटो दिल्यावर उगाच कोरडी बोटं एकमेकांवर घासत बसायचा. त्या डिजिटलवर बायकोचा काढायची बुद्धी कशी झाली नाही, असं कुणी विचारेल. तो त्याला फोटो मानतच नव्हता. तिचा काढायचा तर खरा काढायचा.

फ्रीजमधल्या डबीला झटपटीण 'सवत' म्हणायची. "सवतीला उचलून कोथिंबीर ठेवू का?" असं ओरडायची, आणि पडद्याच्या अलीकडून झटपट खरोखर घाबरून, "हात लावू नकोस!" म्हणायचा. गिऱ्हाईक हसायचं.

मग तिचं पोट दुखायला लागलं. आधी गोळ्या झाल्या, मग तपासण्या, मग डॉक्टरांनी झटपटला एकट्याला आत बोलावलं. फ्रीजमध्ये सवतीच्या पुढे इंजेक्शनं आली. गुबगुबीत बाई बघता बघता ओसरली. सगळ्यात आधी गाल गेले. तिची धाकटी बहीण, म्हणजे झटपटची मेहुणी, सेवेला येऊन राहिली. बाई कडक होती, आणि बहिणीवर जीव टाकणारी.

एके दिवशी मेहुणी पेज भरवत असताना झटपटीण नवऱ्याला म्हणाली, "अहो, ती सवत आता बाहेर काढा. माझा एक तोंडाचा फोटो असू दे घरात."

"काढू की. जरा बरी हो. गाल भरू देत तुझे."

"गाल यायची वाट बघाल तर माणूस जाईल."

"असं बोलू नये."

"मग काय बोलू? एवढी वर्षं गावभर लोकांची तोंडं काढलीत. मी मेल्यावर भिंतीवर काय लावणार, कोपर?"

मेहुणी हसता हसता उठून मोरीत गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. बाहेर आल्यावर तिने झटपटला दुकानात गाठलं. "भावोजी, एकदाचं करा ते. ताई काही मागत नाही कधी. आणि आता दिवसही फार नाहीत."

तरी हा थांबला. तिच्याकडे बघायचा, कॅमेरा पुसायचा, परत ठेवायचा. त्याच्या डोळ्यांपुढे गाल होते, आणि ते काही परत येत नव्हते. शेवटी तिला धरून बसवावं लागायला लागलं तेव्हा त्याने डबी काढली.

सकाळचं ऊन खिडकीतून आत आलं होतं. मेहुणीने बहिणीला खुर्चीत बसवलं, पाठीला उशी दिली, केस विंचरले. झटपटने डबी कॅमेऱ्यात घातली. या डबीतच बॅटरी असते. इतक्या वर्षांत ती जिवंत असेल की नाही, याची त्याला धास्ती. घर्र झालं तेव्हा तिघांचाही श्वास सुटला.

पहिला फोटो तांबडा उठला. नुसता तांबडा.

"चहा सांडलाय," झटपटीण म्हणाली.

दुसऱ्यात खुर्ची दिसली आणि वर पिवळे ढग. "बघा, मी निघालेसुद्धा." मेहुणी म्हणाली, "ताई, गप गं." पुढचेही असेच वाया गेले. जुनी फिल्म, आतलं रसायन वाळलेलं. प्रत्येक वेळी झटपट फोटो शर्टाच्या आत छातीशी धरायचा, ऊब मिळाली तर रंग उठेल म्हणून, आणि काढून बघायचा, आणि टेबलावर पालथा ठेवायचा. चेष्टा करून करून झटपटीण दमली. मान उशीवर टेकवली. कॅमेऱ्यात एकच राहिला होता.

"हा शेवटचा," तो म्हणाला.

तिने मान उचलली. नीट बसली. "आहे तशी काढा हं," म्हणाली. "हात फिरवू नका."

"नाही फिरवत."

त्याने बटण दाबलं. फोटो छातीशी धरला. मेहुणी दूध गरम करायला गेली. थोड्या वेळाने झटपटने फोटो काढून बघितला आणि तो तसाच उभा राहिला. आला होता. खुर्चीची पाठ, उशीचा अभ्रा, तिचे हात, आणि चेहरा. ती कॅमेऱ्याकडे बघत होती.

"आला?" तिने विचारलं.

"येतोय. अजून अंधारात ठेवायला हवा," म्हणून तो पडद्याबाहेर दुकानात गेला. बराच वेळ आला नाही. दूध निवलं, साय धरली. परत आला तेव्हा हात मोकळे होते.

"नाही आला," म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "जाऊ दे. गेली एकदाची सवत," आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही.

सगळं आटोपल्यावर मेहुणीने घरातले कपडे गोळा करून धुवायला-इस्त्रीला दिले. झटपटच्या शर्टाच्या आतल्या खिशात इस्त्रीवालीला तो फोटो सापडला. खुर्ची स्वच्छ होती. उशी होती. हात तर इतके स्पष्ट की अंगठ्यावरचा डाग दिसत होता. आणि मानेच्या वर, प्लास्टिकच्या आत, रंगाचे तुकडे आणि ओरखडे. इस्त्रीवालीने फोटो परत केला; पण गल्लीतून, दुकानं घेत घेत. पुढचं वर आलंच आहे.

मेहुणीने फोटो बघितला, टेबलावर ठेवला, पिशवी भरली. "तुम्ही म्हणालात, आला नाही," एवढंच बोलली. ती गेली, आणि वर्षानुवर्षं त्या घराची पायरी चढली नाही. गल्लीत लोक समोरासमोर टोमणे मारत. कुलूपवाला एकदा म्हणाला, "बाबा रे, काहीतरी बोल, निदान खोटं तरी." झटपटने ऐकलं आणि चष्मा पुसला. पुढे हात थरथरायला लागले, तेव्हा दुकानाचं शटर निम्मंच वर असायचं. गिऱ्हाईक वाकून आत बघायचं आणि निघून जायचं.

त्याला दवाखान्यात ठेवल्याचं कळलं तेव्हा मेहुणी आली. चिडूनच आली. स्टूल ओढून बसली आणि तब्येतीचं काहीएक न विचारता म्हणाली, "भावोजी, खरं सांगा. ताईचा चेहरा का खरवडलात?"

त्याने सांगितलं. मेहुणीने पुढे मला सांगितलं, ते असं.

फोटो चांगला आला होता. त्यात तिचे गाल बसलेले होते, ते त्याला बघवेनात. सुईने रंग सरकवून तो गाल भरायला गेला. फिल्म जुनी होती. आतला थर सुटला आणि चेहरा गेला.