व्हॉल्व्हची पेटी घेऊन जयपूरला

जयपूर स्टेशनवर उतरलो तेव्हा यांच्या कोटाच्या दोन्ही खिशांत माझे लोकरी मोजे होते आणि मोज्यांत काचेचे व्हॉल्व्ह, जुन्या रेडिओत दिव्यासारखे पेटायचे ते. पेटी बॅगेत आणि व्हॉल्व्ह अंगावर, असा यांचा नियम. पुण्याला तपासणीच्या यंत्रातून बॅग गेली तशी पोलिसानं आम्हाला बाजूला घेतलं होतं. "हे काय आहे?" असं त्यानं विचारलं मात्र, यांनी त्या बिचाऱ्याला माईकचं सगळं शास्त्र समजावायला घेतलं. मागे रांग वाढायला लागली. शेवटी मीच म्हटलं, "जुना रेडिओ आहे हो," तेव्हा सुटलो. पण लोणावळा येईपर्यंत हे माझ्याशी बोलले नाहीत. त्या पेटीला कुणी रेडिओ म्हटलेलं यांना लागतं.

ती पेटी म्हणजे माईकचा प्रीअँप. माईकमधून निघणारा आवाज फार अशक्त असतो, त्याला पुढे पाठवण्याजोगं बळ ही पेटी देते. हल्ली ते काम नखाएवढी चिप करते. पण व्हॉल्व्हमधून आलेल्या आवाजाला अंग असतं, असं हे म्हणतात. कराडला यांचं दुरुस्तीचं दुकान आहे. जन्मभर मांडवातले अँप्लिफायर आणि लोकांचे रेडिओ उघडले. मग एका बंद पडलेल्या स्टुडिओच्या भंगारात ही पेटी सापडली आणि वर्षभर हे तिच्यात बुडाले. आपल्या हाताखालून गेलेली एक तरी वस्तू खऱ्या स्टुडिओत लागावी, एवढी एकच हौस यांची उरली होती. भाच्यानं इंटरनेटवर फोटो टाकले आणि जयपूरहून तन्वी नावाच्या मुलीचा फोन आला, तिच्या स्टुडिओला पेटी हवी होती.

कुरिअरला हे तयार होईनात. दुरुस्त केलेली वस्तू स्वतः नेऊन जोडायची, डोळे मिटून ऐकायची आणि मगच सोडायची, ही यांची जुनी रीत. सांगली-साताऱ्यापर्यंत ती रीत मी सोसली. थंडीत राजस्थान म्हटल्यावर मी दोन शब्द बोलले, पण बॅग मीच भरली.

तन्वीचे वडील आपल्याकडचेच, फौजेतले. निवृत्त झाल्यावर जयपूरच्या खातीपुऱ्यात घर बांधून इथलेच झाले. ते गावी गेले होते, पण तन्वीच्या आईनं दारातच "या की, किती वाळलाय प्रवासानं!" म्हणून असं स्वागत केलं, की माहेरी कोरेगावला आल्यासारखं वाटलं. जेवायला बाजरीची भाकरी आणि गट्टे की सब्जी (उकडलेल्या बेसनाच्या वड्यांचा दह्यातला रस्सा) होती. ताटात डाव्या बाजूला मात्र शेंगदाण्याचा ठेचा.

"एवढ्या वर्षांत एवढंच टिकलं बघा," त्या म्हणाल्या. "पोरगी मराठी बोलते, पण निम्मी हिंदी. मी काही म्हणत नाही. बोलते हेच खूप."

दुसऱ्या दिवशी तन्वी दुपारी मोकळी होणार होती, म्हणून सकाळी आम्ही चारदीवारीत, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरात गेलो. धुकं खाली उतरलं होतं. ज्या रंगाला सगळे गुलाबी म्हणतात, तो त्या उजेडात ओल्या विटेसारखा दिसत होता. दुकानदार शटर अर्धी उघडून आत शेकत बसलेले. आम्ही प्याज की कचोरी (कांद्याच्या सारणाची) खाल्ली, ती तेवढी गरम आणि झकास होती. हे बॅग छातीशी धरून चालत होते, कशाकडेही बघत नव्हते. एवढ्यात मागून ई-रिक्षा आली. हॉर्न वाजत होता, हे बाजूला होईनात. मी दंडाला धरून ओढलं तेव्हा वाचले.

"अरे बाबूजी, कब से बजा रहा हूँ!" चालक ओरडला.

"याला हॉर्न म्हणतात?" हे मलाच म्हणाले. "डास तरी बरा."

मी हसले. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

तन्वीचा स्टुडिओ मालवीय नगरात, एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर. खाली मुलांचा गलका, आणि आत दार लावलं की कानात दडे बसावेत अशी शांतता. ती राजस्थानी लोकगायकांची गाणी रेकॉर्ड करते. पेटी बघून तिनं दोन्ही हात गालांवर ठेवले. यांनी वरची पट्टी काढून आतली जोडणी दाखवली. सगळ्या तारा मेणाच्या दोऱ्यानं गाठी मारत एका जुडीत बांधलेल्या, वेणी घातल्यासारख्या. यांच्या दुकानात असंच काम होतं आणि त्याचा यांना भारी अभिमान आहे. मोज्यांतून व्हॉल्व्ह निघाले, जागेवर बसले, हळूहळू तांबूस झाले. तन्वी माईकपुढे गुणगुणली. हेडफोन लावून यांनी डोळे मिटले. चेहऱ्यावर असं समाधान मी आमच्या लेकीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

मग तन्वीनं हेडफोन लावला. गुणगुणली, थांबली, पुन्हा गुणगुणली.

"काका, आवाज खूप सुंदर आहे. मतलब, खरंच. पण एक सीटी येते आहे."

"कसली शिट्टी?"

"एकदम बारीक. गाणं थांबलं की कळते."

यांनी पुन्हा ऐकलं. मान हलवली. मग हेडफोन माझ्या कानांवर ठेवला. मी श्वास रोखून ऐकलं. काही नाही.

"मला नाही येत," मी म्हणाले.

"बघ, हिलाही नाही!" यांचा आवाज चढला. "पोरी, भाव पाडायचा असेल तर सरळ सांग. माझ्या कामाला नावं ठेवू नकोस."

तन्वीचे डोळे भरले. "काका, भाव तर मी केलाच नाही," एवढंच म्हणाली आणि तिनं संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. आवाजाचं चित्र होतं ते. ती गुणगुणली की खाली गाण्याचे ढग, आणि अगदी वर, बारीक आवाजांच्या जागी, एक सरळ पिवळी रेघ. तिनं गाणं थांबवलं, ढग गेले, रेघ राहिली. दिव्यांमुळे असेल म्हणून यांनी खोलीतले दिवे बंद करायला सांगितले, रेघ राहिली. मग स्वतःच्या हातानं पेटीची तार काढली. रेघ गेली.

हे खुर्चीत बसले. मला वाटलं होतं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

थोड्या वेळानं यांनी लाकडी काडी मागितली. तन्वीनं पेन्सिल दिली. तार पुन्हा जोडली. हे पेन्सिलीच्या टोकानं आतल्या तारा एकेक दाबत होते आणि ती कान देऊन सांगत होती, "आहे... आहे... आत्ता गेली! नाही, परत आली." दोष सापडला तो त्या जुडीतच. आत येणारी तार आणि बाहेर जाणारी तार मूळ बनवणाऱ्यानं लांब लांब, वेड्यावाकड्या ठेवल्या होत्या, त्या यांनी नीटनेटक्या शेजारी बांधल्या, म्हणून बाहेर जाणारा आवाज परत आत शिरून शिट्टी वाजत होती. मांडवातल्या अँप्लिफायरला ते खपून जातं. इथं नाही. पूर्वी यांनी पहिल्याच दिवशी ऐकलं असतं.

पेटी बंद केली. आतल्या विजेचा दाब उतरेपर्यंत थांबून यांनी सगळ्या गाठी कापल्या. तन्वी "एकच कापा ना, काका," म्हणत होती, पण हे ऐकेनात. तारा सुट्या करून लांब ठेवल्या आणि पेटी पुन्हा लावली. रेघ गेली. तन्वीनं पेटी आनंदानं घेतली आणि वाकून आम्हा दोघांना नमस्कार केला. मग हेडफोन यांच्यापुढे धरला. "काका, शेवटचं ऐका."

ती गायली. यांनी ऐकलं, पण डोळे मिटले नाहीत. पडद्याकडे बघत राहिले.

परतीच्या गाडीत मी खूप बोलले. पेटी स्टुडिओत लागली, हौस पुरी झाली, आता कशाला तोंड पाडून बसायचं, वगैरे. बाहेर मोहरीची शेतं धुक्यात विरून जात होती. हे "हो" म्हणत होते. आपण दोघं म्हातारे झालो हे मला गुडघ्यांवरून ठाऊक होतं. पण जगात आवाज चालू असतात आणि आपल्याला त्यांचा पत्ताही नसतो, याचं मला त्या डब्यात भय वाटलं. मला एवढं वाटलं, तर यांचं काय झालं असेल! लोक विचारतात, जयपूर कसं आहे? छान आहे, म्हणते. माझ्या डोळ्यांपुढे ती रेघ येते.

घरी आल्यावर दुकान उघडलं त्या दिवशीच पेठेतला सुहास वडिलांचा रेडिओ घेऊन आला. यांनी तो उघडलासुद्धा नाही.

"दुसऱ्याला दाखव. मला आता ऐकू येत नाही."

सुहास हसला. "काका, चेष्टा करता का? माझं बोलणं तर नीट ऐकू येतंय की तुम्हाला!"

"तुझं येतं," हे म्हणाले, आणि रेडिओ फडक्यानं पुसून त्याच्या हातात परत दिला.