पट्ट्यावरची बाजरी

थांबा, हे आत्ताच सांगायला पाहिजे. आज दुपारी चहा घेत बसलो होतो, खिडकीच्या पत्र्यावर चार चिमण्या उतरल्या, आणि ती केस अशी डोळ्यासमोर आली की कप तसाच ठेवून टाइप करायला बसलोय. चुका होतील, सांभाळून घ्या.

आधी एक सांगतो. निवृत्त फौजदार म्हटलं की लोकांना पांढऱ्या मिशा दिसतात. मी तेहतीस वर्षांचा आहे. मणक्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी अनफिट लिहिलं आणि नोकरी संपली. सर्व्हिस थोडीच झाली, पण ही केस त्यातलीच. नावं कुणाचीच घेत नाही.

जुन्नर-आंबेगावकडचं एक बाजारगाव. गावातून ओझरकडं जाणाऱ्या रस्त्याच्या कडेनं नवीन सायकल पट्टा झाला होता. हिरवा रंग, पांढरी रेघ, मोजून दीड-दोन किलोमीटर. पण तेवढ्यावरून गावाचे दोन तट पडले. एक सायकलवाले. दुसरे पार्किंगवाले, म्हणजे दुकानदार, कारण पट्ट्यानं त्यांच्या दारातली गाड्या लावायची जागा खाल्ली. टपरीवर चहा पितानासुद्धा दोन पार्ट्या दोन बाकांवर बसायच्या. खोटं नाही सांगत!

ऑक्टोबर महिना, दुपारी साडेतीन. ठाण्यात फोन आला, पिकअपनं सायकलवरच्या बाईला उडवलं. स्टेशन डायरीला नोंद केली, हवालदारांना घेतलं. आमची जीप दुसरीकडं बंदोबस्ताला, म्हणून पोचायला पाऊण तास गेला. तोवर बाईंना कुणीतरी आपल्या गाडीतून दवाखान्यात नेलेलं. पिकअपवाला जागेवरच होता, पळाला नव्हता. टोमॅटोचे क्रेट अर्धे सांडलेले, आणि त्या उन्हात रस्ता लाल, पट्टा हिरवा, वर सगळं पांढरं. आवाज कसलाच नाही. मला आठवतंय, मी पंचनाम्याचा कागद हातात धरून मिनिटभर नुसता उभा होतो. झोपेतून उठल्यावर घर ओळखीचं वाटत नाही ना, तसं.

पंचनामा झाला. सायकल पट्ट्याच्या बाहेर, डांबरी रस्त्यावर पडलेली. पट्टा स्वच्छ, मोकळा. खड्डा नाही, दगड नाही, गाडी लावलेली नाही.

आणि तिथंच सगळं अडलं. पट्टा मोकळा असताना बाई रस्त्यावर आल्याच कशाला?

बाई म्हणजे आमच्याकडच्या अंगणवाडीच्या सेविका, सगळे त्यांना ताई म्हणतात. वय चाळीस. माहेर तळेघरचं. तिकडं एसटी मोजकी, चालणं फार, सायकल कुणी शिकवली नव्हती. पट्टा होणार म्हटल्यावर अडतिसाव्या वर्षी सायकल शिकल्या. पट्ट्याच्या उद्घाटनाला पेपरात फोटो आला तो ताईंचाच. त्यामुळं पार्किंगवाल्यांना आयतंच सापडलं. "फोटोतली बाईच पट्टा सोडून चालवती, मग ठेवायचा कशाला?" शुक्रवारी नगरपंचायतीची सभा होती. पट्टा उखडायचा ठराव तयार होता आणि त्यात लिहिलं होतं, सदर महिलेच्या निष्काळजीपणामुळे अपघात. म्हणजे पाय मोडला ताईंचा आणि दोषही ताईंचाच. अंगणवाडीतल्या आया कुजबुजायला लागल्या, आपल्या पोरांना हिच्या भरवशावर ठेवायचं का?

मी पिकअपवाल्याला समोर बसवलं. तरुण माणूस.

"साहेब, डोळ्यावर ऊन व्हतं. ताई एकदम बाहेर आली. अशी आली जणू समोर कोण झोपलंय आन त्याला वळसा घालती."

"स्पीड किती?"

"मार्केटला लिलाव सुटायचा टाइम, साहेब..."

"स्पीड विचारला मी."

"जास्त व्हता," असं म्हणून तो रडायलाच लागला. खोटं बोलणारा माणूस इतक्या लवकर स्वतःवर घेत नाही, हे मी तोवर शिकलो होतो.

दवाखान्यात ताईंचा जबाब घ्यायला गेलो. पाय प्लास्टरमध्ये, डोळे छताला. "आठवत नाय हो साहेब." तीन वेळा विचारलं, तीनदा तेच. पण खरंच विसरलेला माणूस आठवायचा प्रयत्न तरी करतो, कपाळाला आठ्या घालतो. ताईंनी एकदाही घातल्या नाहीत. उत्तर तयारच होतं.

बुधवारी शेठ आले ठाण्यात. बी-बियाण्यांचं दुकान, घराणं मूळ राजस्थानचं, पण चार पिढ्या इथंच. पार्किंगवाल्यांचे पुढारी म्हणजे हेच शेठ. त्यांच्या कॅमेऱ्याचं फुटेज मागवलं होतं, ते द्यायला आले. फुटेजमध्ये रस्ता दिसत होता, पण पट्टा दुकानाच्या ताडपत्रीआड. ताई डावीकडून बाहेर येतात एवढंच कळत होतं.

शेठ उठले, दारापर्यंत गेले, परत आले.

"साहेब, मी काही सांगणार नाही. माझी सगळी गिऱ्हाइकं त्या रस्त्याकडच्या शेतांवरचीच. पण एकदा दुपारी या आणि पट्ट्यावरच्या चिमण्या बघा."

मी म्हणालो, "तुमच्याकडच्याच असतील. रोज दाणे टाकता ना तुम्ही?"

"आम्ही ज्वारी टाकतो. तीपण सकाळी, ओट्यावर, कबुतरांना." मग हळूच म्हणाले, "पट्टा मला नकोच आहे, तोंडावर सांगतो. पण त्या बाईवर खोटं नको."

मी दुसऱ्या दिवशी दुपारी एकटाच गेलो. अहो, ते दृश्य! येडगावच्या धरणाकडून येणारा वारा पडलेला, समोरचं सगळं उन्हात थरथरतंय, आणि त्या हिरव्या रंगावर चिमण्या. दहा, वीस, मोजताच येईनात. पण एका ठरावीक लांबीच्या पलीकडं एकही नाही. कुणीतरी जमिनीवर अदृश्य चौकोन आखून दिलाय आणि चिमण्यांना तो दिसतोय, असं वाटत होतं. मी बाभळीखाली उभा राहिलो. किती वेळ ते माहीत नाही. तपास करतोय हेच विसरलो होतो.

मग गुडघ्यावर बसलो. पट्टा आणि डांबर जिथं मिळतात तिथल्या फटीत बारीक दाणे. बाजरी. बाभळीच्या बुंध्याशी सात-आठ दगड नीट ओळीनं ठेवलेले, एका बाजूला हिरवा रंग लागलेले.

आमच्याकडं ज्यानं शेत बघितलंय त्याला पुढचं सांगायला नको. रस्त्यावर धान्य वाळत घालायचं, कडेनं दगड ठेवायचे, म्हणजे गाड्या लांबून जातात.

पंच बोलावले. दाणे पुडीत घातले, सील केलं. पंचांतला एक हसायलाच लागला. "बाजरी जप्त करताय व्हय राव? भाकरी बी करणार का ठाण्यात?"

हवालदार मात्र हसले नाहीत. इथलेच होते ते, घरची दोन एकर शेती. ठाण्यात आल्यावर टोपी काढून उभे राहिले.

"साहेब, एक सांगू का? माझी बी सोयाबीन मागल्या आठवड्यात तिथंच व्हती."

"काय!"

"सगळेच घालतात, साहेब. रंगाचा रस्ता लई तापतो. दोन दिवसांत खडखडीत वाळतं. गाडी येत नाय, माती लागत नाय. त्या दिवशी कोणाची व्हती ते मला म्हाईत नाय, पण काय झालं असंल ते पंचनाम्यालाच कळलं व्हतं."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? माझ्याच तोंडानं माझीच सोयाबीन?"

मी खूप चिडलो होतो, आणि मला हसूही येत होतं.

ती पुडी घेऊन मी परत दवाखान्यात गेलो. आता काय झालं म्हणून विचारलंच नाही. म्हणालो, "ताई, बाजरीवरून सायकल नेता आली असती की. दाणे दबले असते थोडे."

ताई एकदम उठून बसायला गेल्या. "कशी नेणार हो? खायच्या अन्नावर चाक घालू? आमच्या तळेघरला नाचणी सांडली तर आय एकेक दाणा वेचायची. पाय लागला तर पाया पडायला लावायची." मग परत उशीला टेकल्या. कळलं त्यांना, बोलून गेल्या ते.

"कुणाची होती?"

"साहेब, त्याचं नाव नका लिहू. त्याच्या खळ्यावरनंच मी सायकल चालवते."

हे मला समजायला वेळ लागला. रस्त्यालगत एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं शेत आहे, सगळे त्यांना तात्या म्हणतात. पट्ट्यासाठी रस्ता रुंद केला तेव्हा त्यांच्या शेताची कड गेली. त्या कडेलाच त्यांचं खळं होतं, मळणी करायची, धान्य वाळवायची सारवलेली जागा. मोजणीवाले आले पावसाळ्यात. खळं वर्षातून चार-सहा आठवडेच लागतं, बाकी वेळ नुसती मोकळी जमीन दिसते. त्यांनी कागदावर लिहिलं, पडीक. आणि पडीक जागेच्या बदल्यात दुसरी जागा कोण देणार?

तात्यांकडं गेलो तर ते ओसरीवर बसले होते, बाजूला बाजरीची तीन पोती. मला बघून उठले.

"बसा साहेब. मी येणारच व्हतो, पाय उचलंना."

"बाजरी तुम्ही उचललीत?"

"मी आन माझ्या कारभारणीनं. ताईला गाडीत घातलं, पिकअपवाला गाडीच्या पल्याड डोकं धरून बसलेला, आन मग हात आपसूक बाजरीला लागलं. लपवायचं म्हणून नाय हो. रगत उडलं व्हतं, त्यात धान्य कसं ठेवायचं? समदं उचलून झाल्यावर ध्यानात आलं, आपण काय केलं ते." पोत्यांकडं बघून म्हणाले, "दळलं नाय अजून. घशाखाली उतरायची नाय ही बाजरी."

"तात्या, उद्या सभा आहे. ताईंच्या नावावर लिहिलंय सगळं."

"म्हाईत हाय. शेजारी म्हणत्यात गप बस, तुझ्यावर केस व्हईल."

"होईल," मी सांगितलं. खोटा धीर कशाला द्यायचा? "रस्त्यात अडथळा केल्याची होईल."

तात्यांनी एका पोत्याचं तोंड सुतळीनं आवळून बांधलं. मी जबाब लिहून घेतला, अंगठा नको म्हणाले, सही केली.

शुक्रवारची सभा. मी आणि हवालदार बंदोबस्ताला, दाराशी. हॉल खच्चून भरलेला, पंखे नुसतेच फिरतायत. ठराव वाचायला घेतला. "सदर महिलेच्या निष्काळजीपणामुळे..." इतक्यात मागून आवाज आला.

"बाईनं पट्टा सोडला नाय. पट्टा मी अडवला व्हता."

तात्या उभे. एकटेच. कुणी बघतसुद्धा नव्हतं त्यांच्याकडं, सगळ्यांच्या माना खाली, आणि का खाली ते मला माहीत होतं. तो क्षण फार लांबला. पाण्याखाली असल्यासारखं सगळं सावकाश चाललं होतं.

आणि माझ्या शेजारून, युनिफॉर्ममधले माझे हवालदार, बंदोबस्तावर असताना, शिस्त बाजूला ठेवून म्हणाले, "माझी बी सोयाबीन तिथंच वाळली."

मग बांध फुटला. "आमचा भुईमूग." "माझी बी बाजरी, राव, खोटं कशाला बोलू?" एक बाई म्हणाल्या, "मी तर पापड घातलं व्हतं!" हशा पिकला. ठराव वाचणारा चष्मा पुसत बसला.

शेठ उठले. मला वाटलं आता हे पट्ट्यावर घसरणार. ते म्हणाले, "ते बाईंचं वाक्य आधी काढा. पट्ट्याचं भांडण आपण नंतर करू, ते आपल्याला रोजच आहे."

वाक्य काढलं. पट्टा उखडायचा विषय पुढं ढकलला, आणि तो अजूनही पुढंच ढकलला जातोय! बाजाराच्या मागची जागा सुगीपुरती खळ्याला द्यायचं ठरलं. तीच जागा शेठना पार्किंगला हवी होती, त्यामुळं आता नवीन भांडण आहे. तात्यांवर केस झाली. कोर्टात त्यांनी वकील न लावता कबूल केलं. पिकअपवाल्यावर वेगाची केस वेगळी झाली. मी कुणालाच सोडलं नाही आणि तरी कुणी माझ्यावर रागावलं नाही, असं माझ्या नोकरीत एकदाच घडलं.

ताई कुबडी घेऊन ठाण्यात आल्या, कागदावर सही करायला. म्हणाल्या, "माझी चूक नव्हती असं लिहिलंय का कुठं?" मी तपासाच्या अहवालातलं तसं वाक्य वाचून दाखवलं. सरकारी मराठीतलं, रुक्ष. त्या डोळे मिटून ऐकत होत्या.

"परत एकदा वाचा ना."

परत वाचलं.

मला या केसनं काय शिकवलं? पंचनाम्यात आपण जागेवर काय आहे ते लिहितो. आधी तिथं काय होतं, हा रकानाच नसतो फॉर्ममध्ये. तेव्हापासून मी प्रत्येक ठिकाणी विचारायचो, ही जागा आधी कशाची होती? लोक पहिल्यांदा दचकायचे. मग बोलत सुटायचे.

आणि अजून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. गाव वाईट नव्हतं. सगळे घाबरलेले होते, एवढंच. आपलं छोटंसं काहीतरी उघडं पडेल म्हणून एका बाईला दोषी होऊ देत होते, आणि पहिला माणूस उभा राहिल्यावर बाकीच्यांना दोन मिनिटंही लागली नाहीत.

तुमच्या गावात झालंय का असं? खरं माहीत असून तुम्ही मान खाली घालून बसलाय का कधी? आणि मग पहिलं कोण उठलं? लिहा ना, मी वाचतोय.