क्वार्टर सुटलं, मुक्काम ठरेना

नोकरीत असताना माणसाकडं किस्से नसतात, तक्रारी असतात. रिटायर झाल्यावर त्याच तक्रारी चार माणसांत बसून सांगितल्या की लोक हसतात, आणि मग आपल्यालाही वाटतं, अरे, हा तर किस्सा होता. माझ्याकडं असे बरेच साठलेत. त्यातले घर शोधतानाचे आज सांगतो.

मी पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होतो. बरीचशी नोकरी हिंगोलीच्या सरकारी क्वार्टरमध्ये काढली. रिटायर झालो आणि ते सोडायची वेळ आली. आम्ही नवरा-बायको दोघंच असतो तर कुठंही पाय पसरले असते. पण आमच्याकडं नातवंडं होती. मुलगा महेश आणि सून कोमल पुण्यात कंपन्यांत कामाला. दोघांच्या ड्युट्या अशा की एक घरात शिरला की दुसरा चप्पल घालणार. पाळणाघरात लेकरं सारखी आजारी पडायची, म्हणून आम्ही त्यांना हिंगोलीला आणलं. आरोही तिसरीत, शिवांश बालवाडीत. त्यामुळं म्हातारपणी आपण कुठं राहायचं, एवढाच प्रश्न नव्हता. लेकरं कुठं वाढवायची, हाही होता.

*

स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर एका टपरीपाशी सकाळी आमची बैठक असते. मी, जाधव गुरुजी आणि करीमचाचा. गुरुजी प्राथमिक शाळेतून रिटायर झालेले, चाचा दवाखान्यात कंपाउंडर होते.

मी प्रश्न मांडला. गुरुजींनी चहा खाली ठेवला आणि वर्गात उभं राहिल्यासारखं बोलायला लागले. "इंगळे, काही विचार करू नका. गाव गाठा. मोकळी हवा, ताजं दूध, मातीत खेळणारं पोरगं कधी आजारी पडत न्हाई."

"मग गुरुजी, तुमी काहून न्हाई गेले गावाकडं?"

"मला धुळीची अॅलर्जी हाय."

चाचांचं मत वेगळं. ते म्हणाले, "साब, पुना जाव. बच्चे को माँ होना. बाकी सब बात फिजूल."

हे मात्र मनात जाऊन बसलं. पण घरी सांगितलं नाही. सुमननं, म्हणजे आमच्या मंडळींनी, आधीच तिसरं काढून ठेवलं होतं. तिला औंढ्याला राहायचं होतं, नागनाथाच्या पायाशी.

मग ठरवलं, तिन्ही ठिकाणी जाऊन बघायचं. लेकरांना घेऊन.

*

पहिल्यांदा आमच्या गावाला, साखऱ्याला गेलो. तिथं माझा धाकटा भाऊ दत्ता शेती करतो. त्यानं मोठ्या मनानं सांगितलं, "दादा, मागची खोली तुमचीच हाय. कधीबी या."

खोलीचं दार उघडलं तर आत पाय ठेवायला जागा नाही. विहिरीवर थोडी हळद केली होती, तिची पोती छतापर्यंत लावलेली.

मी विचारलं, "दत्ता, ह्याचं काय?"

"भाव आला की इकणार. मग खोली रिकामी."

"अन भाव कधी येईन?"

"दादा, ते मला कळलं असतं तर मी शेती कशाला केली असती?"

आम्ही ओसरीवर बोलत बसलो तोवर शिवांश त्या पोत्यांच्या मागं शिरला. एक पोतं फाटलेलं असावं. थोड्या वेळानं तो बाहेर आला तो डोक्यापासून पायापर्यंत पिवळा. भुवयासुद्धा. त्याच वेळी शेजारची गंगूबाई काठी टेकत आली. तिनं त्याला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "नवरदेवाला हळद तर लागली. नवरी कुठं हाय?"

सगळे हसले. शिवांश हसला नाही. गंगूबाईचं बोलणं त्यानं मनावर घेतलं होतं. परतीच्या एसटीत तो माझ्याजवळ सरकला. मग हळूच म्हणाला, "आजोबा, लग्न झाल्यावर शाळेत जावं लागतं का?"

मी चेष्टेत म्हणालो, "न्हाई बा."

"मग करून टाका," तो म्हणाला.

*

औंढ्याचं घर एका ओळखीच्यानं सुचवलं होतं. देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर, पुढं लांबलचक ओटा. मालक किल्ली आणायला गेले आणि आम्ही ओट्यावर टेकलो. सुमन खूश होती. "बघा, हितं बसल्या बसल्या देवाचं वातावरण."

तेवढ्यात एक बाई आली. "मावशी, ही पिशवी जरा ठिवते. दर्शन घेऊन आलेच." सुमननं मान हलवली. तिचं बघून दुसरीनं पिशवी ठेवली. मग एका काकांनी छत्री आणि डबा ठेवला. सुमन कुणालाही नाही म्हणेना. देवाच्या दारात नाही कसं म्हणायचं? बघता बघता ओटा भरला. शेवटी एक तरुण पोरगी आली, तिनं झोपलेलं तान्हं लेकरू सुमनच्या मांडीवर दिलं. "आत लई गर्दी हाय, गुदमरतंय हो. जरा धरता का?" आणि ती गेलीसुद्धा.

मालक किल्ली घेऊन आले. ओट्याकडं बघून जागीच थांबले. पिशव्या, बोचकी, छत्री, आमची दोन लेकरं आणि मांडीवर तिसरं.

"इंगळे साहेब," ते जरा नाराजीनंच म्हणाले, "घर बघायला येणार म्हणले होते. तुमी तर सामान घेऊनच आले. अन बोलण्यात दोनच लेकरं होते."

ज्याचं त्याचं सामान ज्याला त्याला मिळेपर्यंत दुपार टळली. सुमननं एकाच वाक्यात औंढ्याचा निकाल लावला. "हितं राहिले तर सगळ्या जगाला दर्शन घडन, मलाच घडायचं न्हाई."

मग आम्ही एकदाचे देवळात गेलो. बाहेर आल्यावर आरोहीला मी तिथली जुनी गोष्ट सांगत होतो. भक्ताला पुढून हाकललं, तो मागं जाऊन भजन करत बसला, तर देवळानंच आपलं तोंड त्याच्याकडं फिरवलं. शिवांश माझं बोट धरून ऐकत होता.

"सगळं देऊळ फिरलं?" त्यानं विचारलं.

"व्हय. सगळं."

"मग देवाला म्हणावं, आपलं घर फिरव. मम्मीकडं."

सुमननं दोघांना पेढे घेऊन दिले.

*

त्यानंतर पुणं. खरं तर शिवांशच्या त्या बोलण्यानंच आम्ही लगेच बॅगा भरल्या. मी मनाशी ठरवलं होतं, आपल्याला नाही करमलं तरी राहायचं.

महेशचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर. लेकरं आईला बघून हरखली, पण आई दिसायची थोडाच वेळ. ती ड्युटीवरून आली की लेकरं झोपलेली, लेकरं उठली की ती झोपलेली. आरोही दाराच्या फटीतून झोपलेल्या आईकडं बघून यायची आणि मला कुजबुजत सांगायची, "आजोबा, आहे मम्मी घरात."

उन्हाळा होता. सोसायटीत पाण्याचे टँकर यायचे आणि खालच्या मजल्यावरचे-वरच्या मजल्यावरचे भांडायचे. मी खाली बाकावर बसून ऐकायचो. आयुष्यभर कालव्यावर हेच ऐकलं होतं. इथं फक्त माणसांनी बूट घातलेले होते. दोन-तीन दिवस दम धरला, पण जुनी खोड. एकदा उठून म्हणालो, "पाळी लावा ना. आमच्याकडं कालव्यावर असंच करतात. आज ह्या बाजूला पाणी, उद्या त्या बाजूला."

लोकांना पटलं. त्यांनी ते काम माझ्याच गळ्यात घातलं. पुढं काय होणार हे मला कळायला हवं होतं. पाळी लागल्यावर कालव्यावर जे होतं तेच झालं. पहिल्याच दिवशी ज्यांची पाळी नव्हती ते सगळे दारात. एक जण म्हणाला, माझ्या घरी पाहुणे आहेत. एक बाई म्हणाल्या, आज आमच्याकडं सत्यनारायण आहे. एकानं तर चक्क आंब्याची पेटी आणली. सुमननं ती दारातूनच परत पाठवली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "रिटायर कोण झालं होतं, तुमी का मी?"

संध्याकाळी महेश घरी आला तो तोंड लांब करून. "बाबा, लिफ्टमधे एक जण तुमच्या नावानं ओरडत होता. मग मला विचारलं, ते म्हातारे तुमचे कोण?"

"मग काय म्हणलास?"

"म्हणलो, पाहुणे आहेत. परवा चाललेत."

त्या शब्दाला आम्ही जागलो. तिसऱ्या दिवशी निघालो. गाडीत बसताना कोमल खाली आली होती. ती रडली नाही. तिनं शिवांशच्या शर्टाची वरची गुंडी लावली, पुन्हा काढली, पुन्हा लावली. मला म्हणाली, "मामा, मी बघते काहीतरी." मी मान हलवली. काय बघणार, ते मी विचारलं नाही.

*

इकडं क्वार्टर सोडायची तारीख जवळ येऊन राहिली होती आणि आमच्या हातात काहीच नव्हतं. सुमन माझ्याशी कमी आणि भांड्यांशी जास्त बोलायला लागली. अशात एके दिवशी आरोही शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि म्हणाली, "आजी, मी घर बघून आले."

"कुणाचं?"

"आपलं. माझ्या वर्गात सना हाय ना, तिच्या घरावर माडी हाय. रिकामी. शाळा तिथून दिसती. मी तिच्या दादाजींना सांगून आले, आमी राहायला येतो म्हणून."

आम्हाला हसावं का रागवावं कळेना. तरी तिच्या मागं मागं गेलो. दोन गल्ल्या ओलांडून तिनं एका हिरव्या दारापुढं उभं केलं. दार उघडलं करीमचाचांनी.

मी त्यांच्याकडं बघतच राहिलो. रोज सकाळी हा माणूस माझ्याशेजारी बसून चहा पितो. इतके महिने माझं रडगाणं ऐकतो, मला पुण्याला जा म्हणतो.

"चाचा, तुमची माडी रिकामी हाय?"

"दिवाली से खाली है."

"मग बोलले का न्हाई?"

"तुमने पूछा किदर?" चाचा शांतपणे म्हणाले. "तुमने पुना का पूछा, औंढा का पूछा. मेरी माडी का कब पूछा?"

*

क्वार्टर सोडलं त्या दिवशी कॉलनीनं आम्हाला जोरदार निरोप दिला. शाल, नारळ, भाषणं. शेजारच्या वहिनी सुमनच्या गळ्यात पडून रडल्या. जाधव गुरुजींनी तर कालव्याच्या पाण्याला माझ्या घामाची उपमा दिली. कुठं जाणार हे सांगायचं मी दोन-तीनदा मनात आणलं, पण भाषणं इतकी रंगात आली होती की मधेच बोलणं बरं दिसेना. सगळ्यांनी टेम्पोमागं हात हलवले. टेम्पो दोन वळणं घेऊन थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीच्या ठिकाणी दूध आणायला गेलो. कॉलनीतले एक कदम म्हणून गृहस्थ रांगेत पुढं होते. आदल्या दिवशी त्यांनी डोळे पुसले होते. मला बघून त्यांचा चेहरा पडला.

"इंगळे, गेले न्हाई का अजून?"

"गेलो ना."

"मग हे?"

"हितंच गेलो."

कदमांनी थोडा विचार केला. "अन ती शाल?" म्हणाले.

*

माडीवर आमचं बरं चाललं होतं. शिवांश पहिलीत गेला. माझ्याकडं कुणी आलं की मी कसा बोलतो, हे तो कोपऱ्यात बसून बघायचा आणि माझ्यामागं तसंच बोलायचा. पाणी आणून देणं हे काम त्यानं स्वतःकडं घेतलं होतं.

एका रविवारी दुपारी जिन्यावर पावलं वाजली. आरोही खाली सनाकडं खेळायला गेली होती. मी पेपर वाचत होतो, सुमन आत. शिवांशनं पळत जाऊन दार उघडलं. दारात कोमल उभी होती. दोन्ही हातांत मोठ्या बॅगा, खांद्याला तिसरी. येणार असल्याचं तिनं कुणालाच कळवलं नव्हतं.

मला वाटलं, पोरगं आता झेप घेईल. त्यानं नुसतं बघितलं आणि वळून आत पळालं. कोमलचा चेहरा उतरला. मी उठायला लागलो, तोच तो तांब्या-फुलपात्र घेऊन परत आला. दोन्ही हातांनी, न सांडता.

"बसा," तो तिला म्हणाला. अगदी माझ्या आवाजात. "कुठून येणं केलं?"

कोमलनं माझ्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं. "पुण्याहून," ती म्हणाली.

"गाडीत तकलीफ न्हाई ना झाली?"

"न्हाई झाली."

"मुक्काम हाय, का संध्याकाळच्या गाडीनं निघणार?"

सुमन आतून येऊन दारातच थांबली होती. कोमलनं फुलपात्र हातात धरलेलं, पण ती पीत नव्हती.

"मुक्काम हाय," ती म्हणाली. "मला घरून काम मिळालंय. आता मी हितंच राहणार."

शिवांशनं बॅगांकडं बघितलं. एक उचलून बघितली, जड होती. मग तो दाराशी गेला, बाहेर डोकावला आणि परत येऊन तिच्यापुढं उभा राहिला.

"मग चप्पल आत घे," तो म्हणाला. "बाहेर कुत्रं नेतं."