दाराशी गादी

समोरच्या कुलकर्ण्यांच्या घराला आग लागली, तेव्हा सून देव्हाऱ्यातले देव पदरात बांधून खाली आली आणि मुलगा टीव्ही घेऊन. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना नंतर बंबवाल्यांनी खांद्यावरून आणलं. खोकता खोकता त्यांनी विचारलं, "देव घेतलेस ना गं?"

"घेतले की!"

म्हातारीचा जीव भांड्यात पडला.

आग लागली तर आधी काय वाचवाल, असं गप्पांत कुणी विचारलं की सगळे माणसांचीच नावं घेतात. हात मात्र रोज प्रेमाने पुसलेल्या वस्तूंकडेच जातात.

आई माझ्याशेजारी गॅलरीत उभी राहून हे सगळं बघत होती. मी आत आलो, तर ती आपली गादी दाराशी ओढत होती.

"इथं वारा बरा लागतो," ती म्हणाली.

मी दुसरं टोक धरलं.