बदलीवरचे काका

वडीलधाऱ्या माणसांबद्दल लिहायची माझी योग्यता नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या. पण हॅरोतले माझे घरमालक काका म्हणजे लंडनमधल्या तमाम मराठी माणसांचे राखीव खेळाडू होते, हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं.

ऑफिसातल्या एका अमेरिकन माणसाने त्यांना रविवारी बेसबॉलला नेलं आणि बाकावर बसवलं. ऐन अडचणीत दुसऱ्याच्या जागी बॅट घेऊन जाणाऱ्याला ‘पिंच हिटर’ म्हणतात, हे कळल्यावर काकांना आपल्या आयुष्याचं नाव सापडल्यासारखं वाटलं. शेवटी संधी मिळाली, चेंडू लागलासुद्धा. पण बेसबॉलमध्ये बॅट टाकून पळायचं असतं; क्रिकेटच्या सवयीने ते बॅट उगारूनच धावले. धावून जिथे पोचायचं त्या बेसवरचा गोरा जीव घेऊन पळाला. काकांनी तिथे बॅट टेकवली आणि दुसऱ्या रनसाठी मागे फिरले.

मग त्यांना धरबंधच उरला नाही. ईलिंगच्या एका सत्यनारायणाला यजमान ट्रेनमध्ये अडकले. यजमानीणबाई नको म्हणेपर्यंत काका पाटावर बसून संकल्प सोडून मोकळे. कुणा नवरीच्या मामाला व्हिसा मिळाला नाही की तिला बोहल्यावर आणायला काका हजर. अशा सात भाच्या. प्रत्येकीसाठी खरंखुरं रडत.

“अहो, ती तुमची कोण?” काकू विचारत.

“आज भाची. उद्याचं उद्या बघू.”

माझ्या पदवीदानाला सोलापूरहून आई-बाबा येणं शक्य नव्हतं. आपल्या दोन खुर्च्या रिकाम्या दिसणार, म्हणून मी जायचंच नाही असं ठरवलं.

“पास इकडे दे,” काका म्हणाले.

“पण त्याच दिवशी सोलापूरला तुमच्या सख्ख्या भाचीचं लग्न ना?”

“रजा कुठाय? लोकांच्या लग्नांत संपली.” ते हसले, पण माझ्याकडे न बघता.

माझं नाव पुकारल्यावर काका उभे राहून ओरडले, “आमचा आहे तो.” पुढच्या मुलालाही तेवढ्याच टाळ्या, त्याचं कुणी आलं नसेल तर, म्हणून.

तीन आठवड्यांनी बाबांचं पत्र आलं. मी ते काकांना वाचून दाखवलं: “काकांनी लिहिलं होतं, मी इकडे तुमच्या जागी बसतो, तुम्ही तिकडे माझ्या जागी उभे राहा. त्यांच्या भाचीला बोहल्यावर मी आणलं. रडू आवरलं नाही, त्यांची माफी माग.”

काकांनी चष्मा पुसला. “रडले ना,” ते म्हणाले, “मग नीटच आणलं असणार.”