काकूंची खिडकी

चालताना खिशातले खिळे मुठीत धरायचे, वाजू नयेत म्हणून. शिंक आली की नाक दाबून बाहेर पळायचे. चहा गार झाल्यावरच प्यायचे. दुसऱ्याची दुर्बीण ‘बघू जरा’ म्हणून घ्यायचे आणि परत द्यायचं विसरायचे.

म्हणून अभयारण्यात सगळे त्यांना दुर्बीणकाका म्हणत. ते तिथले सुतार. तळ्याकाठी फळ्यांची एक खोली आहे, आडोशाला उभं राहून पक्षी बघायची. तिथे आमची ओळख झाली. मग दर रविवारी मी जाऊ लागलो.

“साहित्यात एमए ना तू? त्या बगळ्याला विशेषण दे बघू.”

“ध्यानस्थ.”

“कसला ध्यानस्थ! उपाशी म्हण.”

काकूंनी जन्मभर पक्षी काकांच्या तोंडून ऐकले, पाहिले कधीच नाहीत. आधी सासूचं आजारपण, मग मुलीचं बाळंतपण. सवड मिळाली तेव्हा पायांनी दगा दिला. आता त्या चाकांच्या खुर्चीत होत्या आणि खोलीची खिडकी उभ्या माणसाच्या उंचीची.

“तिच्यासाठी खाली एक पाडतो,” काका म्हणाले. अभयारण्याच्या कचेरीनं होकार दिला. थंडीपुरती आलेली बदकं परत जायच्या आत उरकायचं होतं.

पण पाण्यावर पाखरू असताना करवत चालवायची नाही, हा त्यांचा नेम. त्यामुळे पहाटे, बदकं उतरेपर्यंत जेवढं होईल तेवढंच काम.

“माझ्यापेक्षा त्या बदकांचाच मान मोठा,” काकू म्हणायच्या.

“ते पाहुणे. तू घरची.”

गेल्या रविवारी मी फळी धरून होतो. तीन बाजू कापून झाल्या होत्या, चौथी होत आली होती. बदकं लवकर उतरली.

“काका, चार हात मारा, संपेल.”

त्यांनी करवत तशीच फटीत सोडली. “उद्या,” म्हणाले आणि माझी दुर्बीण घेतली.

सोमवारी पहाटे ते उठलेच नाहीत. झोपेतच गेले.

आज मी काकूंना घेऊन गेलो. खुर्ची फळीसमोर लावली. त्यांनी पदरानं भुसा पुसला, फटीला डोळा लावला.

“नुसता उजेड दिसतो रे. बदकं आहेत का?”

मी वरच्या खिडकीतून पाहिलं. तळं भरलं होतं.

“आहेत.”

माझा हात करवतीकडे गेला होता. काकूंनी तो धरला.

“मग आज नको.”

करवत अजून फटीतच आहे. चौथी बाजू बोटभर उरली आहे.